मांजराचा डबा : भुसा कोणता आणि हात कोणाचे?

गेल्या सोमवारी संध्याकाळी दवाखान्यात एक कुटुंब आले. सासू, मुलगा आणि सून. सुनेला तिसरा महिना. रक्त, लघवी, वजन, रक्तदाब सगळे ठीक. गोळ्या लिहून झाल्या, तरी तिघेही उठेनात. तीस वर्षांच्या अनुभवाने मला एवढे कळते की, रुग्ण उठत नाही तेव्हा खरे दुखणे अजून सांगून झालेले नसते. शेवटी सासूबाईंनी विषय काढला.

"डॉक्टर, आमच्याकडं मांजर आहे. पोटुशा बाईच्या घरात मांजर असू नये म्हणतात. याला म्हटलं, पोत्यात घाल आणि बाजारच्या दिवशी लांब सोडून ये. तर ऐकत नाही."

मुलाने पिशवीतून एक चकचकीत पाकीट काढून टेबलावर ठेवले. "हे बघा डॉक्टर. शंभर टक्के नैसर्गिक, झाडापासून केलेलं लिटर आहे. ऑनलाइन मागवलंय. आता काही भीती नाही ना? तेवढं आईला सांगा."

सून काहीच बोलली नाही. मी तिला विचारले, "अगं, मांजराचा डबा रोज साफ कोण करतं?"

ती हळूच म्हणाली, "मीच की."

वाचकहो, आजच्या लेखाचे सगळे सार या दोन शब्दांत आहे. सासूबाईंना मांजर नको होते, मुलाला पाकिटावर विश्वास होता, पण डब्यात हात कोणाचा जातो हे दोघांपैकी कोणीच विचारले नव्हते. डब्यात काय घालावे याविषयी माझी ठाम मते आहेत आणि ती मी पुढे सांगणारच आहे. पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

हे लिटर म्हणजे काय?

आपल्याकडे लिटर म्हटले की दुधाचे माप आठवते. पोल्ट्रीवाल्यांना मात्र हा शब्द ठाऊक आहे. शेडमध्ये कोंबड्यांच्या पायाखाली भाताच्या तुसाचा जो थर घालतात, त्याला ते लिटरच म्हणतात. मांजराचे लिटरही त्यातलेच. एका पसरट भांड्यात माती, भुसा असे काहीतरी घालायचे, मांजराने त्यात उकरून विधी उरकायचा आणि आपण ते काढून टाकायचे.

आपल्या लहानपणी याची गरज नव्हती. घराला परसू होते, परसात माती होती, गोठ्यामागे उकिरडा होता. मांजर रात्री जाऊन यायचे आणि स्वतःच माती ओढून झाकायचे. आज आपल्या तालुक्याच्या गावांतही तीन-तीन मजली इमारती झाल्या. अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसले. मांजराला उकरायला वीतभर माती उरली नाही. मग ते शेजारच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर जाते. त्याच ढिगावर दुपारी आपली मुले किल्ले करतात! मांजराच्या विष्ठेतून येणाऱ्या जंतांच्या अळ्या उघड्या पायाच्या कातडीत शिरून नागमोडी, खाजरी रेघ उठते. असे पाय मी पाहिले आहेत. त्यामुळे घरात मांजर पाळायचे असेल तर घरातच त्याची सोय करणे हा श्रीमंती शौक नव्हे. ती शेजारधर्माची गोष्ट आहे.

आता ही कल्पना निघाली कुठून? अमेरिकेत मिशिगन राज्यात एडवर्ड लोव्ह नावाचा तरुण वडिलांच्या धंद्यात होता. कारखान्यात सांडलेले तेल शोषून घेणारा भुसा आणि माती ते विकत. १९४७ साली एक शेजारीण त्याच्याकडे मांजरासाठी वाळू मागायला आली. ती राख वापरत होती आणि घरभर काळे पंजे उमटत होते. लोव्हने तिला फुलर्स अर्थ नावाच्या मातीचे दाणे दिले. तिला ते इतके आवडले की त्यातून पुढे मोठा उद्योग उभा राहिला. ही फुलर्स अर्थ म्हणजे दुसरे काही नसून आपली मुलतानी माती! पुढे १९८० च्या दशकात बेंटोनाइट मातीचा वापर सुरू झाला. तिच्यावर मूत्र पडले की गोळा होतो, म्हणून तेवढाच भाग उचलून टाकता येतो. आपल्याकडे कच्छ आणि बाडमेर भागात ही माती खाणीतून काढतात.

मातीचे लिटर वाईट असे मी म्हणणार नाही. मांजरांना ते आवडते. आपल्या मांजराचे पूर्वज हे कोरड्या, रेताड मुलखातले रानमांजर. बारीक, सैल वाळूत उकरणे त्याच्या रक्तातच आहे. पण या मातीचे दोन दोष आहेत. एक म्हणजे ती जड असते आणि कुजत नाही. रोज काढून टाकलेली माती शेवटी कचरा डेपोवर साठतच राहते. दुसरा दोष धुळीचा. या धुळीत सिलिकाचा अंश असतो. घरातल्या एका डब्यामुळे खाणकामगारासारखा सिलिकोसिस होईल अशी भीती कोणी घेऊ नये. पण ज्याला आधीच दमा आहे, त्याने बंद बाथरूममध्ये पोते ओतले तर रात्री पंप ओढायची वेळ येऊ शकते. म्हणून झाडापासून मिळणाऱ्या पदार्थांकडे वळावे, या मताचा मी आहे. मात्र डोळे उघडे ठेवून.

आपल्याच गावात काय मिळते?

पाकिटातले वनस्पतीजन्य लिटर म्हणजे कधी मका किंवा गहू, कधी सोयाबीनचा चोथा, कधी साबुदाणा ज्यापासून करतात त्या कंदाचा स्टार्च, तर कधी पाइनच्या लाकडाच्या गोळ्या. चांगल्या पाकिटात धूळ कमी असते, गोळा बरा होतो, उचलायला हलके पडते. ज्याला परवडते त्याने जरूर आणावे. पण पाकीट विकत घेतले नाही म्हणजे मांजराची आबाळ झाली, असे मुळीच नाही. आपल्या जिल्ह्यात यातल्या कितीतरी वस्तू हाताशी आहेत. एकेक पाहू.

लाकडाचा भुसा : सुताराकडे किंवा वखारीत मिळतो. वास चांगला मारतो. पण करवतीखालचा पिठासारखा बारीक भुसा आणू नये. तो नाकात जातो आणि मांजराच्या पंज्याला चिकटून घरभर होतो. रंधा मारताना निघणारे कुरळे काप आणि जाडसर भुसा एकत्र करून, चाळणीने धूळ झाडून वापरावा. तो प्लायवूडचा नाही ना, हे विचारून घ्यावे. प्लायवूडमध्ये डिंकासारखी रसायने असतात. वाळवीचे औषध किंवा पॉलिश लागलेल्या लाकडाचा भुसाही नको. सागवानाच्या भुश्याने काहींच्या कातडीला खाज सुटते, हे सुतारांना विचारा.

भाताचे तूस : आजरा-चंदगडकडे भाताच्या गिरणीवर पोत्याने मिळते. स्वस्त आहे, पण एकट्याने काम भागत नाही. तुसाला वरून नैसर्गिक चकाकी असते, त्यामुळे ते पाणी फारसे पीत नाही. मूत्र खाली तळाशी साचते. म्हणून खाली भुश्याचा किंवा कागदाचा थर आणि वर तूस अशी जोडी करावी. काही मांजरांना त्याची टोके टोचतात. मांजर डब्याच्या काठावर पाय ठेवून बसू लागले, तर समजावे की त्याला ते पसंत नाही.

नारळाच्या काथ्याचा भुसा : नर्सरीत कोकोपीट म्हणून विटा मिळतात. हा स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितो आणि मऊ असल्याने मांजराला मातीसारखाच वाटतो. वीट भिजवून फुलवल्यावर ती उन्हात पूर्ण वाळवूनच डब्यात घालावी. ओली घातली तर मूत्र कुठे शोषणार? रंग गडद असल्याने ओला भाग दिसत नाही आणि पंज्यांवर थोडा बाहेर येतो, एवढी गैरसोय आहे. डब्यासमोर जुने तरटाचे पायपुसणे टाकले की तीही भागते.

रद्दी : कागदही शेवटी झाडाचाच. या वृत्तपत्राचा असाही उपयोग होतो हे सांगताना संपादकांची क्षमा मागतो! कागदाच्या पट्ट्यांत धूळ नसते, म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या मांजरासाठी टाके भरेपर्यंत त्याच उत्तम. पण वास धरत नाहीत, दिवसातून दोनदा बदलाव्या लागतात.

चुलीची राख : आजीच्या काळचा उपाय, पण मी सुचवणार नाही. राख ओली झाली की ती क्षारयुक्त होते, पंज्याला आणि आपल्या हातालाही झोंबते, शिवाय उडते. बॉयलरसाठी विकत मिळणाऱ्या जळणाच्या गोळ्याही नकोत. त्यात काय काय दाबलेले असते याचा भरवसा नाही. गव्हाचा कोंडा घालणारेही मी पाहिले आहेत. तो घातला तर मुंग्या, किडे आणि उंदीर यांना जेवणाचे आमंत्रण दिल्यासारखे होते. मग मांजराला डब्यातच शिकार मिळेल!

माझा स्वतःचा अनुभव सांगायचा तर जाडसर भुसा दोन भाग आणि वाळवलेले कोकोपीट एक भाग हे मिश्रण उत्तम चालते. प्लॅस्टिकच्या पसरट घमेल्यात दोन ते तीन बोटे जाडीचा थर घालावा. घमेले मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी असावे. दोन मांजरे असतील तर तीन घमेली ठेवावीत. जेवणाच्या वाटीपासून लांब, हवा खेळती असेल अशा कोपऱ्यात. आधीची माती एकदम बदलू नये. आठ-दहा दिवस थोडे थोडे नवे मिसळत जावे. घाई केली तर मांजर आपली नापसंती गादीवर नोंदवते.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे

आता मूळ मुद्दा. हल्ली कोणत्याही वस्तूवर 'नैसर्गिक' हा शब्द छापला की आपण विचार करणे थांबवतो. धोतरा नैसर्गिक आहे, विंचवाचे विषही नैसर्गिक आहे.

वनस्पतीजन्य पदार्थाचा स्वभावच कुजण्याचा आहे. तो त्याचा गुण आणि तोच त्याचा दोष. आपला जिल्हा उसाचा आहे. ओलसर बगॅसचे ढीग साठून कुजले आणि त्याची धूळ छातीत गेली, तर ताप, कोरडा खोकला आणि दम लागतो. वैद्यकाच्या पुस्तकात या आजाराला बगॅसोसिस असे नाव आहे. ओल्या गवताच्या गंजीत काम करणाऱ्यांनाही तसेच होते. मग जुलै महिन्यात चार दिवस न बदललेल्या ओल्या भुश्याच्या डब्यात काय होत असेल? बुरशी धरते, वास सुटतो, डोळे चुरचुरतात. तो झोंबरा वास अमोनियाचा असतो. मूत्रातल्या युरियावर जंतूंनी काम केले की तो तयार होतो आणि दमेकऱ्याला त्रास देतो. म्हणून पावसाळ्यात भुसा घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडा ठेवावा, दर चार-पाच दिवसांनी संपूर्ण बदलावा आणि कोंदट वास आलेला भुसा वापरूच नये.

आणखी एक गैरसमज. "डॉक्टर, लिटर बदललं तरी शिंका थांबत नाहीत," अशी तक्रार येते. अहो, मांजराची ॲलर्जी मुख्यतः त्याच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची असते. ते अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि घरभर उडते. त्याला डब्यातला भुसा काय करणार?

तिसरी गोष्ट फिनेलची, आणि ही चूक माझ्याच घरी झाली आहे. डबा स्वच्छ व्हावा म्हणून मी उदार हाताने फिनेल ओतून तो धुतला आणि तसाच ठेवला. दुपारपर्यंत आमचे मांजर लाळ गाळू लागले, चालताना झोकांड्या खाऊ लागले. पशुवैद्यांनी आधी मांजराला वाचवले आणि मग मला फैलावर घेतले. मांजराच्या यकृतात फिनॉलसारखी द्रव्ये निकामी करण्याची शक्ती फार कमी असते. याच कारणाने आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला विषासारखी आहे, चुकूनही देऊ नये. एमबीबीएस झालेल्या माणसाला हे ठाऊक नव्हते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तुमच्या घरी तसे होऊ नये, एवढीच इच्छा. मूत्र असलेल्या डब्यात ब्लीचही ओतू नये, त्यातून घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो. डबा साबणाने धुवावा, उकळते पाणी ओतून पाच-दहा मिनिटे ठेवावा आणि उन्हात वाळवावा.

खरी भीती कशाची?

सासूबाईंची भीती अगदीच निराधार नव्हती. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. १९०८ साली तो सापडला, पण त्याच्या प्रसारात मांजराचा वाटा नक्की काय, हे कळायला १९७० साल उजाडले. भारतात पशुवैद्यक शिकून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ जितेंद्र दुबे यांचाही त्या शोधात मोठा वाटा आहे. मांजराने उंदीर, पक्षी किंवा कच्चे मांस खाल्ले की त्याला लागण होते आणि पुढे एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून या परजीवीची अंडी पडतात. बहुतेक मांजरांच्या बाबतीत हे आयुष्यात एकदाच घडते.

निरोगी माणसाला या लागणीचा सहसा पत्ताही लागत नाही. पण गरोदर स्त्रीला गरोदरपणातच ती पहिल्यांदा झाली, तर गर्भाला पोहोचू शकते. गर्भपात, बाळाच्या मेंदूत पाणी साठणे, डोळ्याच्या पडद्याला इजा, असे गंभीर परिणाम होऊ शकतात. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांनाही धोका असतो.

आता नीट लक्ष द्या. विष्ठेतून पडलेली ही अंडी ताजी असताना लागण करू शकत नाहीत. ती पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे आज पडलेली घाण आजच उचलली, तर डब्यातून येणारा धोका जवळजवळ संपला. पाकीट परदेशी असो की भुसा वखारीतला असो, तो या अंड्यांना मारत नाही. त्यांना हरवते ती रोजची सफाई. डब्यात काय घातले यापेक्षा डब्यातून कधी काढले, याला दसपट महत्त्व आहे.

आणि काढायचे कोणी? गरोदर बाईने नाही. दुसरे कोणी नसेलच, तर हातमोजे घालून आणि नंतर साबणाने हात धुऊन. पण "दुसरे कोणी नसेल" ही अट आपल्या घरांत सहज वापरली जाते, म्हणून मी ती मुद्दाम शेवटी लिहिली. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न गोष्टीतल्या उंदरांना पडला होता. मांजराचा डबा कोणी उचलायचा, हा प्रश्न मात्र आपल्या घरात कोणाला पडतच नाही. तो सुनेने किंवा लेकीने उचलायचा हे ठरलेलेच असते. मांजराला मांडीवर घेऊन मोबाइलवर फोटो काढणारे हात वेगळे आणि झारा धरणारे हात वेगळे!

मी दिलेला एक चुकीचा सल्ला

१९९९ साली माझा दवाखाना नवा होता. एक गरोदर बाई आली, घरात मांजर आहे म्हणाली. मी पुस्तकात वाचलेले आठवले आणि क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "मांजर घालवा." त्यांनी त्याच आठवड्यात ते घालवले. पुढच्या खेपेला तिची सहा वर्षांची मोठी मुलगी बरोबर होती. ती माझ्याकडे पाहीना. आई म्हणाली, "रुसली आहे. डॉक्टरकाकांनी माझी मनी घालवली म्हणते."

मी हसून सोडून दिले. पण त्या दिवशी बोलता बोलता त्या बाईकडून दोन गोष्टी कळल्या. मटणाचा रस्सा अर्धा शिजला की ती मीठ चाखून बघायची. आणि मळ्यातली कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात नुसती झटकून ताटात घ्यायची. मी यातले काहीच विचारले नव्हते. पुढच्याच वर्षी, २००० साली, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये युरोपातल्या काही शहरांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लागणीचे मुख्य कारण अर्धेकच्चे मांस हे निघाले. मातीशी संबंध हेही एक कारण निघाले. मांजर जवळ असणे हे कारण मात्र सिद्ध झाले नाही. माझ्या वाचनात हे फार उशिरा आले. त्या बाईचे बाळ सुखरूप जन्मले. ते श्रेय माझ्या सल्ल्याचे नव्हते. मी मांजर घराबाहेर काढले आणि खरा धोका स्वयंपाकघरात तसाच ठेवला.

म्हणून आज मी सांगतो, गरोदरपणात मांजर घालवू नका. मांस पूर्ण शिजवा, कच्ची भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवा, बागेत माती हाताळताना हातमोजे घाला, मांजराला कच्चे मांस देऊ नका आणि डबा दुसऱ्याने रोज उपसा. मनात शंका असेल तर आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, रक्ताची तपासणी करावी की नाही ते सांगतील. मांजर चावले किंवा ओरबाडले, तर मात्र वेळ घालवू नका. पंधरा मिनिटे साबण लावून जखम धुवा आणि सरकारी दवाखाना गाठा. रेबीज मांजरापासूनही होतो.

डब्यातले कुठे टाकायचे?

काही पाकिटांवर लिहिलेले असते की हे शौचालयात टाकून पाणी सोडा. तसे करू नये. आपल्या टाक्या भुश्याने तुंबतात आणि ही अंडी सांडपाण्याच्या प्रक्रियेतही टिकून राहतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरे या परजीवीने मेल्याचे आढळले, तेव्हा २००६ साली तिथे लिटरच्या पाकिटावर याविषयी सूचना छापण्याचा कायदा झाला.

'नैसर्गिक आहे, खत होईल' म्हणून तो भुसा मेथी-पालकाच्या वाफ्यातही घालू नये. ओल्या मातीत ही अंडी वर्षभरही तग धरतात. आवार असेल तर जास्वंदीच्या किंवा कण्हेरीच्या मुळाशी, मुले खेळत नाहीत अशा जागी, हातभर खोल पुरावे. नसेल तर रद्दीत घट्ट गुंडाळून, वेगळ्या पिशवीत बांधून घंटागाडीत द्यावे. उघडे टाकू नये. घंटागाडीवरच्या माणसालाही हात आहेत आणि त्याच्याही घरी कोणी गरोदर असू शकते.

शेवटी त्या घराचे काय झाले?

मी सासूबाईंना म्हणालो, "वहिनी, मांजर राहू द्या. ते उंदीर धरतं, तुमच्या नातवाला काही करणार नाही." मुलाला म्हणालो, "पाकीट चांगलं आहे, वापर. संपलं की वखारीतून भुसा आण. पण उद्यापासून दात घासायच्या आधी डबा तू उपसायचा. मांजर तुझं आहे ना?"

तो जरा चाचरला. "मला ते जमेल का डॉक्टर? वास येतो."

"तिला येत नव्हता का?" सासूबाईंनीच विचारले.

मला पुढे काही बोलावे लागले नाही. परवा त्यांचा फोन आला होता, गोळ्यांविषयी. जाता जाता म्हणाल्या, "डॉक्टर, रोज सकाळी झारा घेऊन बसतो हो. नाक दाबून, पण बसतो."

मांजरासाठी भुसा निवडा, तूस निवडा, नारळाचा काथ्या निवडा. झाडापासूनचे जे कोरडे, कमी धुळीचे आणि परवडणारे असेल ते चांगले. पण त्याबरोबर ते रोज उपसणारा हातही घरात बसून, मोकळेपणाने बोलून निवडा. ती निवड कोणत्याही पाकिटावर छापलेली नसते.